रामन यांच्याशी भांडलेली कमला सगळ्यांना माहितीये, पण तिने लॅबमध्ये नेमकं केलं काय?

१८ जून २०२३. गुगल उघडलं तर डूडलवर चष्मा घातलेली एक भारतीय बाई दिसत होती. कमला सोहोनी, ११२ वी जयंती. त्या दिवशी फेसबुकपासून व्हॉट्सॲपपर्यंत एकच किस्सा फिरला. सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, पण ती हटली नाही.

किस्सा खरा आहे. पण तो एवढा फिरला की त्यापुढचं सगळं झाकलं गेलं. भांडून मिळवलेल्या त्या टेबलावर या बाईंनी पुढची तीस-पस्तीस वर्षं काय केलं, हे विचारलं तर शंभरातले नव्व्याण्णव जण गप्प बसतील.

उत्तर एका वाक्यात सांगता येतं. त्यांनी गोष्टी वेगळ्या काढल्या. डाळीतून, दुधातून, बटाट्यातून, वालातून. हजार पदार्थांच्या लगद्यातून हवा तो एकच पदार्थ बाहेर काढायचा आणि तो तोच आहे हे सिद्ध करायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण जीवरसायनशास्त्रातलं सगळ्यात किचकट, वेळखाऊ आणि कुणाच्या नजरेत न भरणारं काम हेच. आज इन्स्टाग्रामवर ज्या एक्सोसोमच्या जाहिराती दिसतात, त्यांच्यामागचा खरा प्रश्नही हाच आहे. त्याकडे येऊच, पण आधी कमलाबाई.

घरातच केमिस्ट

कमला भागवत यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही रसायनशास्त्रज्ञ. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून बंगळुरात उभ्या राहिलेल्या संस्थेतून, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून बाहेर पडलेल्या पहिल्या काही रसायनशास्त्रज्ञांमध्ये या दोघांचं नाव घेतलं जातं. मोठी बहीण म्हणजे दुर्गा भागवत. लोकसाहित्याच्या अभ्यासक, १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा, आणीबाणीच्या विरोधात उघड उभ्या राहिलेल्या त्याच दुर्गाबाई. एका घरातल्या दोन बहिणी, एक लोककथा गोळा करणारी आणि दुसरी प्रथिनं. माघार घ्यायची सवय दोघींनाही नव्हती.

१९३३ साली कमला मुंबई विद्यापीठातून बीएस्सी झाली. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र, आणि गुणवत्ता यादीत पहिली. आता वडील आणि काका शिकले त्याच संस्थेत जायचं, हे ठरलेलं होतं. अर्ज गेला आणि नकार आला. संस्थेचे संचालक होते सी. व्ही. रामन. तीन वर्षांपूर्वी नोबेल मिळालेला माणूस, त्यामुळे त्यांच्या शब्दापुढे बोलणार कोण? मार्क कमी म्हणून नकार असता तर गोष्ट वेगळी होती. कारण एवढंच होतं की ती मुलगी होती.

कमला थेट बंगळुरात त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. कारण सांगा, नाहीतर मी इथून हलत नाही, असा तिचा पवित्रा. काळ गांधीजींचा होता, त्यामुळे पुढे याला तिचा सत्याग्रह असंच म्हटलं गेलं. शेवटी रामन नमले, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, काम पाहून मग ठरवू. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये.

तिसरी अट पुन्हा वाचा. लक्ष दुसऱ्यांचं जाणार आणि शिक्षा हिला.

कमलाने सगळ्या अटी मान्य केल्या. वर्षभराने रामन यांनी तिला नियमित करून घेतलं आणि संस्थेचं दार पुढे इतर मुलींसाठीही उघडलं. म्हणून अनेक जण ही गोष्ट गोड शेवटाची म्हणून सांगतात. कमलाबाईंनी मात्र ती तशी कधी सांगितली नाही. म्हातारपणी एका सत्काराच्या वेळीही त्यांनी बोलून दाखवलं की रामन शास्त्रज्ञ म्हणून थोर होते, पण मनाने कोते होते. ज्याचा अपमान झाला त्याला तो आयुष्यभर आठवतो, पुढे कितीही नाव झालं तरी.

डाळीत प्रथिन किती? खरंच प्रथिन किती?

बंगळुरात तिला मार्गदर्शक मिळाले एम. श्रीनिवासय्या. कडक शिस्तीचे, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे. त्यांनी तिला कामाला लावलं ते दूध, डाळी आणि कडधान्यांच्या मागे.

विषय साधा वाटेल, पण तेव्हाचा भारत आठवा. मांस, अंडी परवडणारी घरं मोजकी. बहुतेकांच्या ताटात प्रथिन येणार ते डाळीतून, तेही आमटी पातळ नसेल तर. मग डाळीत प्रथिन नेमकं किती, हा करोडो लोकांच्या हाडामांसाचा प्रश्न होता.

आणि ते मोजण्यात एक गोची होती. प्रथिन मोजायची जुनी रीत म्हणजे पदार्थातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचं. प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून हा गुणाकार. पण नायट्रोजन फक्त प्रथिनातच असतो असं थोडंच आहे? सुटी अमिनो आम्लं, इतर छोटी संयुगं, सगळ्यांत तो असतो. म्हणजे आकडा फुगतो. (ही फट किती धोकादायक आहे ते २००८ मध्ये चीनमध्ये दिसलं. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं की नायट्रोजन वाढतो आणि चाचणीत दूध पास होतं. त्यात लहान बाळांचे जीव गेले.)

कमला आणि श्रीनिवासय्यांनी हात घातला तो याच फटीत. डाळींमधला प्रथिनाबाहेरचा नायट्रोजन किती, यावरचा त्यांचा निबंध १९३५ साली बायोकेमिकल जर्नलमध्ये आला. प्रवेश नाकारला गेल्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी. १९३६ मध्ये याच कामावर तिला मुंबई विद्यापीठाची एमएस्सी मिळाली.

असं काम करायचं कसं, हे थोडं समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

डाळ दळली, मिठाच्या पाण्यात कालवली, गाळली. खाली उरला चोथा, वर आलं गढूळ पाणी. त्या पाण्यात शेकडो प्रकारची प्रथिनं, साखर, क्षार, रंगद्रव्यं सगळंच आहे. आता त्यात अमोनियम सल्फेट नावाचा क्षार हळूहळू टाकत जायचा. हा क्षार पाणी स्वतःकडे ओढतो. पाणी कमी पडलं की प्रथिनं विरघळलेली राहू शकत नाहीत, साका होऊन तळाशी बसतात. पण सगळी एकदम नाही. एक प्रकार थोड्या क्षारात बसतो, दुसऱ्याला जास्त लागतो. म्हणून टप्प्याटप्प्याने क्षार वाढवायचा आणि प्रत्येक टप्प्यावर बसलेला साका वेगळा काढायचा. मग तो साका पाण्यात विरघळवून अगदी बारीक छिद्रांच्या पडद्याच्या पिशवीत भरायचा आणि पिशवी स्वच्छ पाण्यात टांगून ठेवायची. क्षार आणि छोटे रेणू छिद्रांतून निघून जातात, मोठी प्रथिनं आत राहतात. किडनीचं डायलिसिस ज्या तत्त्वावर चालतं तेच हे.

आणि हे सगळं थंडाव्यात, कारण प्रथिन नाजूक असतं. जरा उष्णता वाढली की ते बिघडतं आणि आठवड्याची मेहनत वाया.

दिवसा तिचं, रात्री रिश्टरचं टेबल

तिथून केंब्रिज. शिष्यवृत्ती मिळवून कमला १९३७ साली सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायन प्रयोगशाळेत पोहोचली. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चं नोबेल मिळवणारे हॉपकिन्स. पण प्रयोगशाळा भरलेली, टेबल रिकामं नाही. तेव्हा डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकाने स्वतःचं टेबल देऊ केलं. दिवसा तिने काम करायचं, रात्री त्याने. बंगळुरात रात्री काम करायची अट तिच्यावर होती आणि इथे एक गोरा संशोधक तिच्यासाठी स्वतः रात्रपाळी करायला तयार झाला. माणसामाणसातला फरक, दुसरं काय.

रिश्टर दुसरीकडे गेले तेव्हा ती रॉबिन हिल यांच्याकडे आली. हिल वनस्पतींवर काम करायचे. प्रकाशसंश्लेषणातली हिल अभिक्रिया पुस्तकात असते, ते हेच हिल.

त्या काळी केंब्रिजमध्ये सायटोक्रोमची जोरदार चर्चा होती. आपण श्वास घेतो तो ऑक्सिजन शेवटी पेशीत जातो आणि तिथे अन्नातून ऊर्जा निघते. या साखळीत इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात देणारी लोहयुक्त प्रथिनं म्हणजे सायटोक्रोम. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये त्यांच्यावर पुन्हा प्रकाश टाकला होता. प्राण्यांच्या स्नायूत, यीस्टमध्ये ती होती. मग झाडं? झाडंही श्वास घेतातच की.

अडचण अशी की झाडाच्या पानात हरितद्रव्य एवढं ठासून भरलेलं असतं की त्याच्या रंगापुढे सायटोक्रोमचा फिकट रंग दिसणारच नाही. लग्नाच्या बँडमध्ये बासरी ऐकण्यासारखं. म्हणून हिरवा नसलेला भाग घ्यायचा. बटाटा! पण बटाट्याची वेगळीच तऱ्हा. कापून ठेवला की काळा पडतो हे कुठल्याही घरात माहीत असतं. फिनॉलेज नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, हवेशी संबंध आला की कामाला लागतात आणि सगळा अर्क तपकिरी करून टाकतात. गंमत म्हणजे रिश्टरबरोबर कमलाने केलेलं काम फिनॉलेजवरचंच होतं, फक्त प्राण्यांमधल्या. त्यामुळे ही जात तिच्या ओळखीची होती.

या कामातून तिने दाखवलं की वनस्पतींच्या ऊतीतही सायटोक्रोम सी असतं आणि श्वसनात भाग घेतं. म्हणजे बटाटा, घोडा आणि माणूस, तिघांच्या पेशी ऊर्जा काढताना एकाच जातीचं यंत्र वापरतात.

प्रबंध झाला टंकलिखित ४० पानांचा. केंब्रिजमध्ये काम सुरू केल्यापासून अवघ्या १४ महिन्यांत. आजच्या पीएचडीवाल्यांनी हे वाक्य वाचून रडू नये. १९३९ मध्ये पदवी मिळाली. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला असा त्यांचा उल्लेख होतो. इथे एक नोंद करायला हवी. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना १९३१ मध्येच अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डीएस्सी मिळालेली होती. पदवीचं नाव वेगळं म्हणून दोन्ही विधानं शेजारी नांदतात. हिल आणि भागवत या दोन नावांनी उच्च वनस्पतींमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचा निबंध छापून आला तो मात्र १९५१ मध्ये, तोवर कमला भागवतची कमला सोहोनी होऊन चार वर्षं झाली होती.

कच्चे वाल का खात नाहीत?

परदेशात राहता आलं असतं, पण कमलाबाई १९३९ मध्येच परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजमध्ये जीवरसायन विभागाच्या प्रमुख, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहाय्यक संचालक. तिथे वर जायची वाट दिसेना. १९४७ मध्ये विमा क्षेत्रातले गणिती, ॲक्च्युअरी मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईत आल्या. काळा घोड्याजवळच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाच्या प्राध्यापक झाल्या.

इथे आपल्या स्वयंपाकघराशी थेट नातं सांगणारं काम झालं.

मंडणगड, दापोली, खेड या पट्ट्यात भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, पावटा, कुळीथ टाकतात. पुढे वर्षभर कडवे वाल घरात असतात. पण ते कुणी सरळ शिजायला टाकत नाही. रात्री भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा आणि मग डाळिंब्यांची उसळ, तीही पुरती शिजवलेली. दोन दिवसांचा खटाटोप. कच्चे वाल खाल्ले तर पोट बिघडतं, एवढंच आजी सांगते. का, ते तिला कुणी सांगितलेलं नसतं.

कारण वालाच्या आत आहे. आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचं विकर सुटतं आणि ते आतड्यात प्रथिनांचे तुकडे करतं. वालासारख्या बियांमध्ये काही प्रथिनं अशी असतात की ती ट्रिप्सिनच्या कातरीत जाऊन अडकतात. कुलपात किल्ली तुटावी तशी. कातर बंद, पचन थंड. बी खाणाऱ्या प्राण्यांपासून आणि किड्यांपासून वाचायची ही झाडाची युक्ती. अशा प्रथिनांना ट्रिप्सिन रोधक म्हणतात. म्हणजे डाळीत प्रथिन भरपूर असलं तरी रोधक शाबूत असेल तर ते अंगी लागत नाही. नीट शिजवलं की रोधक बऱ्याच अंशी निकामी होतो. दोन दिवसांचा खटाटोप उगाच नव्हता.

अमेरिकेत मोझेस कुनित्झ यांनी १९४० च्या दशकात सोयाबीनमधला असा रोधक स्फटिकाच्या रूपात वेगळा काढला होता. पण भारतात तेव्हा सोयाबीन खात होतं कोण? आपल्याकडचा प्रश्न वाल, डबल बीन्स, चवळी यांचा होता. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय अन्नधान्यं एकेक करून तपासली आणि १९५५ मध्ये वाल आणि डबल बीन्स यांच्यातले रोधक स्फटिकरूपात वेगळे केल्याची बातमी नेचरमध्ये छापून आली.

स्फटिक हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. साखरेच्या पाकात कचरा असला की खडीसाखर नीट बनत नाही, तसंच प्रथिनाचं. एकसारखे रेणू रांगेत बसले तरच स्फटिक तयार होतो, म्हणून त्या काळात स्फटिक हा शुद्धतेचा मोठा पुरावा धरला जायचा. पण तो एकटा पुरेसा नाही. प्रत्येक टप्प्यावर चाचणी घ्यावी लागते. थोडं ट्रिप्सिन घ्या, त्याला पचवायला दुधातलं केसिन द्या, त्यात तुमचा साका घाला आणि बघा पचन थांबतं का. थांबलं तर माल तुमच्या भांड्यात आहे. नाही थांबलं तर तो ओतून दिलेल्या पाण्यात गेला, करा पुन्हा सुरुवात. आणि दर मिलिग्रॅममागे रोखायची ताकद वाढत गेली, तरच तुम्ही शुद्धतेकडे चालला आहात असं म्हणता येतं.

नीरेचं कामही याच काळातलं. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी सुचवल्यावरून ते हाती घेतलं गेलं. ताड, माड, शिंदीच्या झाडातून पहाटे निघणारा गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढलं की ती आंबते आणि ताडी-माडी होते. दारूबंदीच्या काळात तर तिच्याकडे संशयानेच बघितलं जायचं. कमलाबाईंच्या गटाने तिच्यातली अ आणि क जीवनसत्त्वं, लोह मोजलं, गूळ बनवल्यावर त्यातलं काय टिकतं ते पाहिलं, आणि कुपोषित आदिवासी मुलामुलींना, गरोदर बायकांना नीरा दिल्यावर तब्येत सुधारते असं दाखवलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

पुरस्कार मिळाला, पण संस्थेचं संचालकपद मिळायला मात्र वर्षं लागली. पात्रता होती, ज्येष्ठता होती, अंतर्गत राजकारणही होतं. शेवटी ते मिळालं.

दूध, आणि दुधातली अदृश्य पाकिटं

आरे दूध योजनेला कमलाबाई दुधाच्या दर्जाबद्दल सल्ला द्यायच्या. आणि दुधापाशीच त्यांचं काम आजच्या एका चलतीच्या विषयाला येऊन भिडतं.

एक्सोसोम म्हणजे पेशींनी बाहेर टाकलेली चिमुकली पाकिटं. आकार ३० ते १५० नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. बाहेरून मेदाचं आवरण, आत प्रथिनं आणि आरएनएचे तुकडे. १९८३ मध्ये, अपक्व तांबड्या रक्तपेशींचा अभ्यास करताना ती कशी सुटतात हे दिसलं आणि १९८७ मध्ये रोझ जॉनस्टोन यांच्या गटाने त्यांना हे नाव दिलं. आधी वाटलं की हा पेशीचा कचरा आहे. मग लक्षात आलं की पेशी एकमेकींना निरोप पाठवायलाही ही पाकिटं वापरतात. रक्त, लघवी, लाळ आणि दूध, सगळीकडे ती सापडतात. कर्करोगाच्या पेशीही ती सोडतात, म्हणून रक्ताच्या थेंबातून निदान करायची आशा तयार झाली.

पण आधी ती वेगळी काढायला हवीत ना?

सगळ्यात रूढ पद्धत म्हणजे गरगर फिरवणं. नमुना आधी हळू फिरवतात, गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट जोराने, की पेशी तळाला बसतात. मग २,००० पट, मेलेल्या पेशी आणि तुकडे जातात. मग १०,००० पट, मोठी पाकिटं बसतात. आणि शेवटी १,००,००० पट, तासाभराहून जास्त वेळ, तेव्हा कुठे एक्सोसोम तळाशी चिकटतात. एवढ्या वेगाचं अल्ट्रासेंट्रिफ्यूज स्वीडनच्या थिओडोर स्वेडबर्ग यांनी १९२० च्या दशकात बनवलं. त्यांना १९२६ चं नोबेल मिळालं. यंत्र महाग, काम दिवसभराचं, आणि तेवढ्या जोराने दाबल्यावर काही पाकिटं फुटतात, काही एकमेकांना चिकटतात.

दुसरी पद्धत कमलाबाईंनी पाहताक्षणी ओळखली असती. पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाचा पदार्थ टाकायचा, तो पाणी अडवून धरतो आणि एक्सोसोम साका होऊन बसतात. अमोनियम सल्फेटचीच नात म्हणा. बाजारात मिळणारे बरेच तयार किट यावर चालतात. सोपं, स्वस्त, झटपट. पण यात एक्सोसोमबरोबर वाटेतली बाकीची प्रथिनंही तळाला येतात.

तिसरी, छिद्रं असलेल्या मण्यांनी भरलेल्या नळीतून नमुना सोडायचा. लहान रेणू मण्यांच्या बोळांत शिरतात आणि रेंगाळतात, मोठी पाकिटं हमरस्त्याने आधी बाहेर येतात. माल बराच स्वच्छ मिळतो, पण पातळ होतो. शिवाय रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे काही कण एक्सोसोमएवढेच मोठे असतात. ते बरोबरीने बाहेर पडतात, कारण नळीला फक्त आकार कळतो.

चौथी पद्धत ओळखपत्र बघण्याची. एक्सोसोमच्या अंगावर सीडी९, सीडी६३, सीडी८१ अशी प्रथिनं असतात. त्यांनाच पकडणाऱ्या प्रतिपिंडांचे चुंबकीय मणी टाकायचे आणि चुंबकाने ओढून घ्यायचे. शुद्धता उत्तम, पण ज्या पाकिटांवर ते ओळखपत्र नाही ती हातची जातात, आणि खर्च विचारू नका.

दुधात तर अजून कठीण. दुधातलं केसिन गोळ्यांच्या रूपात असतं आणि त्यातल्या बऱ्याच गोळ्या नेमक्या एक्सोसोमच्याच आकाराच्या. फिरवलं तर दोन्ही एकत्र बसतात. म्हणून आधी साय काढायची, मग आम्ल घालून केसिन बसवायचं. लिंबू पिळून पनीर करतो तेच, फक्त मोजूनमापून, ४.६ सामूला. मग उरलेल्या निवळीतून एक्सोसोम शोधायचे. तरी या आम्लाने एक्सोसोमच्या अंगावरचं काही बिघडलं का, हा वाद उरतोच.

म्हणून या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांनी स्वतःसाठी नियम केलेत. एकाच पुराव्यावर एक्सोसोम म्हणायचं नाही. ओळखीची प्रथिनं दाखवा, नको असलेली प्रथिनं किती आली तेही दाखवा, सूक्ष्मदर्शकात चित्र दाखवा. आणि उगम सिद्ध करता येत नसेल तर एक्सोसोम हा शब्दच टाळा, नुसतं पेशीबाह्य पाकीट म्हणा. स्फटिक मिळाल्यावरही ट्रिप्सिनची चाचणी घ्यायला लावणारी शिस्त ती हीच.

आता फोन उघडा. एक्सोसोम फेशियल, केसांसाठी एक्सोसोम, गुडघ्यासाठी एक्सोसोम. कुपीवर आकडे अब्जांमध्ये. पण अब्ज कशाचे? कण मोजणारं यंत्र एक्सोसोम आणि मेदाचा कण यांत आपणहून फरक करत नाही. कुठल्या पेशींतून आणले, कोणत्या पद्धतीने वेगळे केले, आणखी काय सोबत आलं, हे त्या रीलमध्ये कुणी सांगत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला होता की कुठलंही एक्सोसोम उत्पादन त्यांच्याकडून मंजूर झालेलं नाही, आणि अशी उपचारपद्धती घेतलेल्या काही रुग्णांना गंभीर त्रास झाला आहे.

कुपीत काय आहे, हे विचारणं

कुपीत नेमकं काय आहे हा प्रश्न कमलाबाईंनी निवृत्तीनंतर बाजारातही नेला. १९६६ मध्ये मुंबईत काही महिलांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. ग्राहक संरक्षण कायदा यायला अजून वीस वर्षं होती. कमलाबाई या संस्थेत सक्रिय झाल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षाही झाल्या. संस्थेच्या किमत या मासिकात ग्राहकांसाठी लिहायच्या. केंब्रिजची पीएचडी, नेचरमध्ये निबंध, आणि आता विषय भेसळीचा. आपल्याकडे हे पद उतरल्यासारखं मानतात. पण वाण्याच्या पुडीत काय आहे ते शोधायला लागणारी रीत प्रयोगशाळेतलीच असते, आणि ती येणारी माणसं ग्राहकांच्या बाजूला फार थोडी होती.

सामान्य वाचकांसाठी त्यांनी मराठीतून लिहिलंही. आहारगाथा हे त्यांचं पुस्तक जुन्या घरांत अजून सापडतं.

मोठे सन्मान उशिरा आले. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, त्यांचा दिल्लीत सत्कार ठेवला. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच काळात, २८ जून १९९८ रोजी त्यांचं निधन झालं.